डबेवाल्याची उडी नियमाने बरोबर आहे, तरी खेळणाऱ्याला ती अन्यायाची का वाटते?

पश्चिम_उपनगर यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी बोरिवलीला राहतो. नोकरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आहे आणि गेम तयार करणे ही निव्वळ हौस असल्यामुळे जे काही काम होते ते रात्री जेवणानंतर किंवा रविवारी होते. गोडो इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत मी बाजूने दिसणारा एक छोटा द्विमितीय गेम करीत आहे. एक तरुण डबेवाला चाळींच्या गॅलऱ्यांतून, उघड्या गटारांवरून आणि पावसाळ्यातल्या डबक्यांवरून उड्या मारत डबे गोळा करतो आणि गाडी सुटण्याआधी ते लगेजच्या डब्यात पोहोचवतो, एवढीच त्याची गोष्ट आहे.

कार्यालयातल्या काही सहकाऱ्यांना आणि शेजारच्या मुलांना मी हा गेम फोनवर खेळायला दिला, तेव्हा दोन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू आल्या. पहिली तक्रार उडीची. गॅलरीच्या टोकाला आल्यावर आपण बटण दाबले होते, तरी पोराने उडी घेतलीच नाही आणि तो सरळ खाली पडला, असे प्रत्येक जण शपथेवर सांगतो. मी पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचे, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांचे, आकडे छापून पाहिले. बटण दाबले गेले तेव्हा पाय काठावरून सुटून दोन-तीन फ्रेम झालेल्या होत्या, म्हणजे नियमाप्रमाणे गेमचेच बरोबर होते. दुसरी तक्रार इमारतीच्या वॉचमनची. तो डबेवाल्याला लिफ्टने जाऊ देईल की जिना चढायला लावेल हे नशिबावर ठेवलेले आहे आणि लिफ्ट मिळण्याची शक्यता ७५ टक्के असल्याचे पडद्यावर स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही "हा माणूस नेहमी नाहीच म्हणतो" असा सूर निघतो. नोंदी काढून पाहिल्या तर प्रमाण अगदी चोख आहे.

जुन्या, नावाजलेल्या गेममध्ये हा पेच कसा सोडवला होता हे जाणकारांनी सांगावे. खेळणाऱ्याच्या बाजूने नियम वाकवणे म्हणजे आपल्याच गेमशी लबाडी करणे होईल का, अशी एक शंकाही मनात आहे.

---

चौकोनी_ठिपका यांचे उत्तर

तुमचा कोड बरोबर आहे आणि तुमच्या सहकाऱ्यांची तक्रारही खरी आहे. तुमचा कोड पायाखालचा पिक्सेल मोजतो आणि खेळणारा माणूस आपल्या मनातला काठ मोजतो. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची होते. काठ डोळ्यांना दिसणे, उडी मारायची हे ठरणे आणि अंगठा काचेवर टेकणे यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, त्यामुळे दोन-तीन फ्रेमचा उशीर ही खेळणाऱ्याची चूक मानणे म्हणजे त्याला त्याच्या शरीररचनेची शिक्षा देणे आहे.

यावरचा उपाय गेम करणाऱ्यांत कोयोटी टाइम या नावाने ओळखला जातो. पाय काठावरून सुटल्यानंतरही थोडा वेळ गेम उडीचे बटण स्वीकारतो, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ साली आलेल्या सेलेस्ट या उड्यांच्या गेमचे उदाहरण येथे सर्वांत उपयोगी पडेल, कारण तो करणाऱ्यांनी नायिकेच्या हालचालींचा मूळ कोड नंतर सर्वांसाठी खुला केला आणि त्यातले आकडे कोणालाही वाचता येतात. सवलतीचा अवधी ०.१ सेकंद आहे आणि धावण्याचा कमाल वेग सेकंदाला ९० पिक्सेल आहे. गुणाकार केला तर ९ पिक्सेल येतात, आणि त्या गेममधली जमीन ज्या चौकटींनी रचलेली आहे त्यांतली एक चौकट ८ पिक्सेलची आहे. म्हणजे नायिका एका अख्ख्या चौकटीहून अधिक अंतर हवेत गेलेली असतानाही गेम तिला जमिनीवरच उभी धरतो, आणि तरी या गेमला कोणी सोपा म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्याच गेममध्ये आणखी तीन सवलती आहेत. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबले तर ते वाया जात नाही, लक्षात ठेवले जाते आणि पाय टेकताच उडी निघते. वर उडताना डोके छताच्या कोपऱ्याला जेमतेम घासत असेल तर नायिकेला चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वाट करून दिली जाते. तिसरी मला स्वतःला सर्वांत आवडते. उडीच्या माथ्यावर, बटण दाबून धरलेले असेल तर, गुरुत्वाकर्षण निम्मे होते, त्यामुळे कुठे उतरायचे हे पाहायला क्षणभर जास्त मिळतो. खेळताना हे कोणाच्याही ध्यानात येत नाही, फक्त हात बसला आहे असे वाटत राहते.

ही युक्ती आजकालची आहे असे मात्र समजू नये. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये बटण धरून ठेवले की मारिओवरचे गुरुत्वाकर्षण हलके होते आणि सोडले की वाढते. एकाच बटणातून बुटकी आणि उंच अशा दोन्ही उड्या त्यातूनच निघतात. त्याच्याही मागे जायचे तर १९८० सालचा पॅक-मॅन पाहावा, ज्यात चक्रव्यूहातले ठिपके खात भुतांपासून पळायचे असते. नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांच्या या गेमचा चक्रव्यूह ८ पिक्सेलच्या चौकटींचा आहे आणि नियमाने पाहिले तर वळण चौकटीच्या मध्यबिंदूवरच घ्यायला हवे. पण पॅक-मॅनला मध्यबिंदूच्या काही पिक्सेल आधी किंवा नंतरही वळता येते. आधीच वळले तर तो थोडा वेळ तिरका सरकतो आणि कोपरा कापल्यामुळे अंतर वाचते. भुतांना ही मुभा नाही, त्यांना मध्यापर्यंत जावेच लागते. हुशार खेळाडू दर वळणावर भुतांपासून थोडे थोडे सुटत जातो ते यामुळेच, आणि त्याला मात्र वाटते की आपला हात जलद आहे. तसा तो असतोही, कारण बटण वेळेआधी दाबण्याचे कसब त्याचेच आहे.

तुमच्या गेममध्ये हे करण्यासाठी फार खटपट नाही. पोरगा जमिनीवर असेल त्या प्रत्येक टप्प्यावर एका चलात (बदलता आकडा साठवणाऱ्या जागेत) ०.१ भरावे, तो हवेत असेल तर त्यातून गेलेला वेळ वजा करीत राहावे आणि ते चल शून्याहून मोठे असेपर्यंत उडीला परवानगी द्यावी. उडी घेतल्याक्षणी ते चल शून्य करणे विसरू नये, नाहीतर पहिली सवलत संपण्याआधी दुसरी उडी हवेतच निघेल आणि शेजारची मुले तुमच्या आधी ती शोधून काढतील.

---

रात्रपाळी यांचे उत्तर

वरच्या उत्तराला एक छोटी पुरवणी. ही सवलत "सहा फ्रेम" अशी लिहू नये, सेकंदांतच लिहावी. आजकाल साधारण किमतीच्या फोनचे पडदेही सेकंदाला ९० किंवा १२० वेळा ताजे होतात, आणि तुमची मोजणी पडद्याच्या फ्रेमवर चालत असेल तर १२० च्या फोनवर तीच सवलत निम्मी होईल. गोडोत भौतिकीचे टप्पे, म्हणजे हालचालींचा हिशेब करण्याच्या पायऱ्या, आपण बदलले नाहीत तर सेकंदाला ६० च राहतात, म्हणून उडीचे सगळे हिशेब तिथेच ठेवणे बरे.

यंत्राच्या वेगावर चाल अवलंबून ठेवून एकच गेम अजरामर झाला आहे, तो म्हणजे १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स. तोमोहिरो निशिकादो यांच्या त्या गेममध्ये ५५ परग्रहवासी असतात आणि एका फ्रेममध्ये त्यांतला एकच पुढे सरकतो, त्यामुळे अख्ख्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागतो. जसजसे ते मरतात तसतशी पाळी लवकर येते आणि शेवटचा उरलेला प्रत्येक फ्रेमला धावतो. निशिकादो यांनी हा वाढता वेग पाहिला आणि तसाच ठेवला. तुमच्या बाबतीत उलटे होईल, स्वस्त फोनवर पाऊस पडू लागला की डबेवालाच मंदावेल. लॅमिंग्टन रोडवरून एखादा जुना, कमी मेमरीचा अँड्रॉइड फोन आणून ठेवावा आणि गेम आधी त्यावर चालवून पाहावा.

---

फासे_आणि_सोंगट्या यांचे उत्तर

वॉचमनच्या बाबतीत मी लिहितो, कारण उडीपेक्षा हा प्रश्न मला अधिक रंजक वाटतो.

सिव्हिलायझेशन या गेम-मालिकेचे निर्माते सिड मायर यांनी २०१० साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात याच अनुभवाचे वर्णन केले होते. तीनास एक अशी आपल्या बाजूची शक्यता दाखवलेली लढाई हरली की खेळणारे गेमलाच दोष देत, जरी चारांत एकदा हरणे हा त्याच आकड्याचा सरळ अर्थ असला तरी. उलट एकास तीन अशी प्रतिकूल लढाई जिंकली की कोणाचीही तक्रार येत नसे. दोनास एक हरलेले चालत असे, पण वीसास दहा हरलेले चालत नसे, वास्तविक गुणोत्तर तेच आहे. शेवटी त्यांनी माणसाला समजावत बसण्याऐवजी गणितालाच मुरड घातली आणि आधीच्या लढाईत काय झाले याचा विचार पुढच्या लढाईत होऊ लागला.

फायर एम्ब्लेम या लढायांच्या जपानी गेम-मालिकेने याहून शांतपणे काम केले. २००२ च्या द बाइंडिंग ब्लेडपासून, वार लागेल की नाही हे ठरवताना ० ते ९९ मधली एक संख्या काढण्याऐवजी दोन काढून त्यांची सरासरी घेतली जाऊ लागली. सरासरी मधल्या आकड्यांकडे झुकते, त्यामुळे पडद्यावर ७५ लिहिलेले असले तरी वार खरोखर लागण्याची शक्यता सत्त्याऐंशीच्या वर जाते, आणि २५ लिहिलेले असेल तर ती तेरा टक्क्यांच्या खाली येते. "पंचाहत्तर म्हणजे जवळपास नक्की" ही माणसाची जी अंगभूत समजूत आहे, तिच्याशी हा आकडा बरोबर जुळतो.

तुम्हाला मात्र मी तिसरा मार्ग सुचवेन, जो आधुनिक टेट्रिसमध्ये, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचण्याच्या गेममध्ये, आहे. तिथे पुढचा तुकडा दर वेळी नव्याने नशिबाने निघत नाही. सातही आकार एका पिशवीत टाकून एकेक काढले जातात आणि पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरली जाते. त्यामुळे दोन लांब दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा इतर तुकडे येऊ शकतात, त्याहून अधिक वाट कधीच पाहावी लागत नाही. वॉचमनसाठीही एक पिशवी करावी, तिच्यात तीन होकार आणि एक नकार टाकावा. सध्याच्या तुमच्या पद्धतीत सलग तीन नकार मिळण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे. ऐकायला ती थोडी वाटते, पण गेम खेळणारी मुले दिवसभरात किती इमारती चढतात हे ध्यानात घेतले तर ती कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येणारच, आणि ज्याच्या वाट्याला येते तो सगळ्यांना सांगत सुटतो. पिशवीच्या पद्धतीत सलग दोनच्या वर नकार येऊच शकत नाहीत आणि ७५ हा आकडाही खराच राहतो.

---

परळचा_पाहुणा यांचे उत्तर

वरील तिन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण मूळ प्रश्नात लबाडीची जी शंका विचारली आहे तिच्याकडे कोणी वळून पाहिलेले नाही, म्हणून हा थोडा विरोधी सूर.

सवलत आणि खोटा आकडा या दोन गोष्टी माझ्या मते एका पंक्तीला बसवू नयेत. काठाच्या पलीकडे ०.१ सेकंद उडी स्वीकारणाऱ्या गेमने खेळणाऱ्याला कसलेही वचन दिलेले नसते. काठ अमुक पिक्सेलवर संपतो असे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही, तेव्हा तो कुठे संपतो हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार त्याला आहे. पण पडद्यावर ७५ लिहून आत ८७ चालवणे हे वजनकाट्यात फेरफार करण्यासारखे आहे, मग तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचा का असेना. एकदा हे कळले की पुढे त्या गेममधल्या कोणत्याही आकड्यावर विश्वास बसत नाही. पिशवीची पद्धत प्रामाणिक आहे हे मान्य, परंतु चारच चिठ्ठ्यांची पिशवी शाळकरी मुले दुपारभरात ओळखतील आणि मग नकार कधी येणार ते मोजत बसतील. डबेवाल्याच्या गेममध्ये चिठ्ठ्या मोजणे हा खेळाचा भाग असावा असे तुम्हाला खचितच वाटत नसणार.

माझा प्रश्न असा आहे की वॉचमनला नशिबाच्या हवाली करायचेच कशाला? पॅक-मॅनचा उल्लेख झालाच आहे म्हणून सांगतो, त्यातली भुते पाठलाग करताना नशिबाचा आधार घेतच नाहीत. लाल भूत थेट पॅक-मॅनच्या चौकटीकडे येते, गुलाबी त्याच्या चार चौकटी पुढचा अंदाज धरते, नारिंगी आठ चौकटींच्या आत आले की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे निघते. निळी होऊन घाबरलेली भुते तेवढी वाटेल तशी वळतात, आणि त्यांचीही सुरुवात दर वेळी एकाच ठरावीक संख्येपासून होते. म्हणूनच त्या काळातले खेळाडू संपूर्ण वाटा पाठ करून खेळू शकत. १९८२ च्या मिस पॅक-मॅनमध्ये भुतांच्या हालचालीत मुद्दाम यादृच्छिकता आणून हे पाठांतर मोडून काढले गेले, पण तिथेही ती चवीपुरतीच आहे. प्रत्येक भुताचा स्वभाव असा वेगळा आणि दिसणारा आहे, त्यामुळे पकडले गेल्यावर खेळणारा स्वतःलाच बोल लावतो, यंत्राला नाही.

तुमच्या वॉचमनलाही असाच स्वभाव द्यावा. तो कटिंग पीत असेल तर हात हलवून लिफ्टकडे बोट दाखवतो. सोसायटीचे सेक्रेटरी खाली उभे असतील तर नियमावर बोट ठेवून जिना दाखवतो. डबेवाल्याच्या पायांना चिखल असेल तर, नुकती लादी पुसलेली असल्यामुळे, काहीच ऐकून घेत नाही. मुंबईत राहणाऱ्याला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही, पडद्यावर टक्केवारीची गरज उरणार नाही आणि डबकी टाळण्याला गाडी गाठण्याखेरीज आणखी एक कारण मिळेल.

---

पश्चिम_उपनगर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ०.१ सेकंदाची सवलत घातल्यावर उडीची तक्रार जवळजवळ थांबली आहे आणि सवलत घातल्याचे अजून कोणाला ओळखता आलेले नाही. वॉचमनच्या चिखलाची कल्पना इतकी पटली की टक्केवारी काढूनच टाकली. फासे_आणि_सोंगट्या यांची पिशवी मात्र वाया घालवलेली नाही, पावसाच्या सरी कधी येणार ते आता तीच ठरवते.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. चिखलाला आता किंमत आल्यामुळे डबक्याला पाय लागला की नाही यावर नवे वाद सुरू झाले आहेत. दुसरे असे की काही जण लोकलमध्ये उभ्याने खेळतात, एका हाताने कडी धरलेली असते, आणि त्यांचा अंगठा उडीच्या बटणाच्या बाहेर पडतो.

---

चौकोनी_ठिपका यांचे उत्तर

डबक्याचे चित्र जेवढे रुंद काढले आहे त्याच्या दोन्ही बाजूंनी काही पिक्सेल सोडून मगच चिखल धरावा. पडदाभर गोळ्यांचा पाऊस पाडणारे जपानी विमानांचे गेम याच आधारावर खेळण्याजोगे होतात. विमान मोठे दिसते, पण गोळी लागली असे धरायचे ते त्याच्या मध्यातल्या मोजक्या पिक्सेलनाच. पंखाला चाटून गेलेली गोळी खेळणाऱ्याला आपल्या चपळाईची खूण वाटते. डबे उचलण्याच्या बाबतीत नेमके उलटे करावे, तिथे मर्यादा चित्राहून मोठी हवी, म्हणजे शेजारून गेले तरी डबा हातात येईल.

तपासणीबद्दल न विचारलेला एक सल्ला. शेवटच्या इमारतीतली डबकी पाहण्यासाठी दर वेळी सुरुवातीपासून खेळत बसू नये, स्वतःपुरती एक चोरवाट ठेवावी. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी ज्यांनी फुंकर मारून चालवल्या आहेत, त्यांना कॉन्ट्रामध्ये तीस जीव देणारी वर-वर-खाली-खाली ही बटणांची माळ अजून पाठ असेल. तिचा जन्म १९८६ च्या ग्रेडियसमध्ये झाला. काझुहिसा हाशिमोतो यांना तो गेम घरच्या यंत्रासाठी तयार करताना स्वतःलाच पार करता येईना, म्हणून तपासणीपुरती सगळी शस्त्रे एकदम देणारी ही कळ त्यांनी बसवली आणि ती तशीच गेममध्ये राहून गेली. तुमची राहिली तरी बिघडणार नाही.

अंगठ्याचे म्हणाल तर गोडोतल्या स्पर्श-बटणाला चित्राहून वेगळा आकार देता येतो. चित्र आहे तेवढेच ठेवावे आणि आकार पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागाएवढा करावा. थांबवण्याचे बटण मात्र त्या अर्ध्यातून उचलून डावीकडे वर न्यावे, नाहीतर अंधेरीला गर्दीचा रेटा आला की प्रत्येक जण उडी मारण्याऐवजी गेम थांबवून बसेल.